प्रार्थना समाज : यादीतली माणसे

प्रार्थना समाजाचा इतिहास ३१ मार्च १८६७ या तारखेपासून सांगायचा शिरस्ता आहे. त्या दिवशी मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांच्या घरी मंडळी जमली, एका ईश्वराची उपासना करायचे ठरले आणि संस्था उभी राहिली. स्मरणिकेच्या पहिल्या पानावर शोभावी अशीच ही हकीकत आहे. पण तिच्याआधी एका चोरीची गोष्ट सांगायला हवी. समाज घडला तसा का घडला, याचे निम्मे उत्तर त्या चोरीत आहे.

१८४९ साली मुंबईत परमहंस सभा नावाची गुप्त मंडळी सुरू झाली. व्याकरणकार दादोबा पांडुरंग, म्हणजे आत्मारामांचे थोरले बंधू, तिचे वैचारिक गुरू. राम बाळकृष्ण जयकर तिचे अध्यक्ष. सभासद होणाऱ्याने जातिभेद मानणार नाही अशी शपथ घ्यायची, ख्रिस्ती माणसाने भाजलेल्या पावाचा तुकडा खायचा आणि परजातीच्या हातचे पाणी प्यायचे. रोज सकाळी चहात ब्रून बुडवणाऱ्या गिरगावकराला यात काय ते धाडस, असे वाटेल. तेव्हा त्या एका तुकड्याने माणूस जातीबाहेर जात असे. म्हणून पुरेशी माणसे मिळेपर्यंत सारे गुपचूप चालवायचे आणि संख्या वाढली की उघड व्हायचे, असा बेत होता. १८६०च्या सुमारास सभेची कागदपत्रे कोणीतरी पळवली. त्यांत सभासदांची नावे होती. नावे फुटणार अशी आवई उठली आणि सभा बघता बघता विरून गेली. कोणावर खटला झाला नाही, सरकारने बंदी घातली नाही. आपले नाव चारचौघांत येईल, एवढ्या धास्तीने दहा-अकरा वर्षांचे काम संपले. अ. का. प्रियोळकरांनी १९६६ साली या सभेवर आणि तिच्या अध्यक्षांवर पुस्तक लिहिले, म्हणून निदान एवढे तरी आपल्याला माहीत आहे.

ही धास्ती खोटी नव्हती. बहिष्कार म्हणजे नुसते पंक्तीतून उठवणे, असे आज आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तो घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळा चावत असे. न्हावी येत नसे, धोबी कपडे नेत नसे. श्राद्धाला भटजी मिळत नसे. दिलेल्या मुलीला सासरचे लोक माहेरी पाठवत नसत, धाकट्या बहिणीचे ठरत आलेले लग्न मोडत असे. घरात कोणी गेले तर खांदा द्यायला चार माणसे मिळतील की नाही याची भ्रांत. पाव खाल्लेला असायचा तरुण पदवीधराने आणि शिक्षा भोगायची त्याच्या आईने, बायकोने, बहिणीने. त्यामुळे सुधारकाला कलेक्टरपेक्षा स्वतःच्या माजघराची भीती जास्त वाटे. पुढच्या साऱ्या इतिहासात ही गोष्ट पुन:पुन्हा डोके वर काढते.

१८६७ साली जमलेल्यांत परमहंस सभेची राख पाहिलेली माणसे होती. ते काय शिकले? शपथ घ्यायची नाही, पाव खायला लावायचा नाही. आधी धर्म शुद्ध करू, मग समाजसुधारणा त्याच्या मागोमाग येईल, अशी मांडणी त्यांनी केली. ईश्वर एक, निराकार. त्याची प्रार्थना मराठीतून, तुकोबांच्या अभंगांच्या आधाराने. मूर्तिपूजा मान्य नाही. मात्र सभासदाच्या घरच्या देवघरात काय चालते, मुंजीला आणि श्राद्धाला तो बसतो का, कोणाबरोबर जेवतो, हे समाजाने विचारायचे नाही. कलकत्त्याच्या ब्राह्मो समाजाशी नाते होतेच. केशवचंद्र सेन यांच्या मुंबईभेटींनी या मंडळींना हुरूप आला होता. पण ब्राह्मो हे नाव घेतले नाही, कारण ते घेतले की हिंदू समाजातून वेगळे व्हावे लागेल अशी भीती होती. सावधपणा हा आपल्या संस्थेचा पायाचा दगड आहे. तो दगड चांगला की वाईट हे ठरवण्याआधी तो तिथे आहे एवढे तरी कबूल करू.

या सावधपणाने संस्था टिकली, हेही खरे. गिरगावातल्या मंदिराची कोनशिला १८७२ साली बसली आणि १८७४ साली मंदिर खुले झाले. १८७३ मध्ये ‘सुबोध पत्रिका’ सुरू झाली. कामकऱ्यांसाठी रात्रीच्या शाळा निघाल्या. पंढरपूरला लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये बालकाश्रम सुरू झाला. तिथे कोणाची मुले येत, हे तेव्हा सगळ्यांना ठाऊक होते आणि कोणी बोलत नसे. विधवेला दिवस गेले की यात्रेच्या निमित्ताने तिला पंढरपुरात आणायचे आणि मूल टाकून परत न्यायचे, ही आपल्याच पांढरपेशा घरांची रीत होती. समाजाने त्या मुलांना आसरा दिला, वाढवले, शिकवले. या कामाबद्दल कितीही अभिमान बाळगला तरी कमीच. गिरगावात मात्र आज ‘प्रार्थना समाज’ म्हटले की बहुतेकांना बसथांबा आठवतो.

आता १८७३ सालाकडे येऊ. अशा लेखांत हे साल ‘सुबोध पत्रिके’च्या ओळीवर संपवतात आणि पुढे जातात.

महादेव गोविंद रानडे तेव्हा ३१ वर्षांचे, पुण्यात न्यायखात्यात, समाजाचे सर्वांत तल्लख डोके. विधवाविवाहाच्या चळवळीत त्यांचे नाव अग्रभागी होते. १८६९ साली मुंबईत गाजलेला विधवाविवाह झाला, तेव्हा पाठीशी उभ्या राहिलेल्यांत आणि नंतर बहिष्काराचा रोष ओढवून घेतलेल्यांत ते होते. १८७३च्या ऑक्टोबरात त्यांच्या पहिल्या पत्नी सखूबाई वारल्या. आता रानडे विधवेशीच लग्न करणार, असे शत्रू-मित्र दोघेही धरून चालले होते. हीच भीती त्यांच्या वडिलांना होती. गोविंदरावांनी घाई करून मुलगी पाहिली. मुलाने विनवण्या केल्या, मुदत मागितली, पण वडील बधले नाहीत आणि अखेर मुलाने मान तुकवली. वर्ष संपण्याआत त्यांचे लग्न झाले ते अकरा वर्षांच्या कुमारिकेशी. ती मुलगी म्हणजे रमाबाई.

त्याच वर्षी, त्याच पुण्यात, २४ सप्टेंबरला जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला होता आणि २५ डिसेंबरला ब्राह्मण पुरोहितावाचून पहिले सत्यशोधक लग्न लावले. एकाच गावात, काही आठवड्यांच्या अंतराने ही दोन लग्ने झाली. एक लावणाऱ्यांपाशी ना पदवी होती, ना सरकारी हुद्दा.

रानड्यांच्या लग्नाची ही हकीकत आपल्याला कोणा विरोधकाने सांगितलेली नाही. ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. ते लिहिले आहे खुद्द रमाबाईंनी, पतीवर निस्सीम भक्ती असलेल्या बाईने. वडिलांपुढे नवऱ्याचे काही चालले नाही, हे त्यांनी लपवले नाही. लग्न होताच नवऱ्याने आपल्याला अक्षरे शिकवायला घेतली, हे त्या कौतुकाने सांगतात. आणि त्याच शिक्षणापायी घरातल्या बायकांनी किती छळले, हेही सांगतात. मुळाक्षरांपासून इंग्रजीपर्यंत प्रत्येक पायरीला टोमणे, अबोले, घालूनपाडून बोलणे. रानड्यांचा सल्ला ठरलेला: सोसावे, उलट बोलू नये. सभेत तासतासभर स्त्रीशिक्षणावर बोलणारा हा माणूस स्वतःच्या माजघरात बायकोची बाजू घेऊन मोठ्याने बोलल्याचे त्या पुस्तकात सहसा सापडत नाही. मला हा तपशील त्या लग्नापेक्षाही बोचतो. लग्न वडिलांच्या हट्टापायी झाले असे म्हणता येईल; पुढच्या कितीतरी वर्षांचे मौन कोणाच्या हट्टापायी होते?

कलकत्त्याला असाच प्रसंग पाच वर्षांनी आला. १८७२च्या विवाह कायद्यासाठी केशवचंद्र सेन झटले होते. त्यात मुलीचे किमान वय १४ ठरले होते. १८७८ साली त्यांनी १४ पूर्ण न झालेल्या आपल्याच मुलीचे, सुनीतीचे, लग्न कूचबिहारच्या तरुण राजाशी लावले. त्यांच्या अनुयायांनी जाहीर निषेध केला, सभा घेतल्या आणि मे महिन्यात साधारण ब्राह्मो समाज ही वेगळी संस्था काढली. मुंबई-पुण्यात रानड्यांच्या लग्नावर टीका झाली, चेष्टा झाली, पण समाज फुटला नाही. आपण याला समंजसपणा म्हणत आलो आहोत. माझे मत वेगळे आहे. समाज फुटला नाही, कारण समाजाने सभासदाकडून काही मागितलेलेच नव्हते. जिथे वचन नाही तिथे वचनभंग कसला?

दुसरी यादी आली १८९०च्या ऑक्टोबरात. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातली प्रतिष्ठित मंडळी जमली, चहा-बिस्किटे आली. कोणी चहा प्यायले, कोणी पेला हातात घेऊन बाजूला ठेवला. डॉ. आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव यांनी हजर मंडळींची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली. रानडे, टिळक, गोखले, सगळेच त्यात. सनातनी मंडळी शंकराचार्यांकडे गेली, ग्रामण्य उभे राहिले, चौकशी बसली. १८६० साली नावे फुटण्याच्या नुसत्या भीतीने सभा मोडली होती. या वेळी नावे खरोखरच छापली गेली. इथे तरी आपली माणसे ताठ उभी राहिली असतील, अशी आशा वाचकाला वाटते. १८९२ साली रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. मित्रांच्या घरची अडचण सुटावी, हे कारण रमाबाईंनी दिले आहे. त्यांना स्वतःला हे पटले नव्हते, हेही त्यांच्या लिहिण्यातून दिसते. मतभेदांनी कायम भांडणारे टिळक आणि रानडे या एका बाबतीत मात्र एकाच रांगेत बसले.

इथवर वाचून कोणी म्हणेल, अहो, त्या काळाच्या मानाने ती माणसे फारच पुढे होती. हे वाक्य आपल्याकडे फार स्वस्तात मिळते. त्या काळाच्या मानानेच मोजायचे तर त्याच काळातली दुसरी माणसेही पाहावी लागतात. विष्णुशास्त्री पंडितांनी विधवाविवाहाचा प्रचार केला आणि स्वतःचा प्रसंग आला तेव्हा विधवेशीच लग्न केले. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे आपल्याच समाजाचे, रानड्यांचे सहकारी. त्यांनी १८९१ साली आपल्या विधवा मुलीचा पुनर्विवाह लावला आणि त्याची किंमत जातभाईंच्या रोषाने चुकवली. म्हणजे त्या काळात ते अशक्य नव्हते. अवघड होते.

उलट बाजूचे लोक ‘ढोंगी’ म्हणून मोकळे होतात. तेही मला मान्य नाही. ढोंग्याला आपल्या ढोंगाचा फायदा होत असतो. रानड्यांना त्या लग्नाने काय मिळाले? विरोधकांना आयुष्यभर पुरेल एवढे हत्यार. त्यांनी अर्थशास्त्राचे, सार्वजनिक सभेचे, सामाजिक परिषदेचे जे काम केले ते यामुळे एका तसूनेही लहान होत नाही. पण त्यांच्या संस्थेने भिडस्तपणालाच नेमस्तपणा म्हणायची सवय लावून घेतली, ती मात्र त्यांच्याकडून आली असे मला वाटते.

फुल्यांनी हे तेव्हाच ओळखले होते. १८८५ साली ‘सत्सार’मध्ये त्यांनी ब्राह्मो आणि प्रार्थना समाज या दोघांवर कोरडे ओढले. तुमचा एकेश्वर शूद्रातिशूद्रांच्या काय कामाचा, हा त्यांचा रोख होता. त्याच वर्षी मराठी ग्रंथकार सभेसाठी रानड्यांनी बोलावले, तेव्हा नकाराचे पत्र पाठवून त्यांनी तीच गोष्ट अधिक तिखटपणे सांगितली. फुल्यांच्या भाषेचा कडवटपणा सांगून त्यांचा मुद्दा बाजूला सारायची युक्ती आपल्याकडच्या सुशिक्षितांनी पुष्कळ वर्षे वापरली. समाजाच्या पहिल्या पिढीच्या सभासदांची आडनावे वाचून पाहा. फुल्यांच्या मुद्द्याला वेगळा पुरावा लागत नाही.

आडनावांच्या त्या यादीत वेगळे नाव आले ते विठ्ठल रामजी शिंदे यांचे. जमखंडीचा हा मराठा तरुण १९०१ ते १९०३ अशी दोन वर्षे ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्माचा अभ्यास करून आला आणि समाजाचा प्रचारक झाला. १९०५ साली अहमदनगरजवळ भिंगारला महारवाड्यातल्या लोकांशी रात्री झालेल्या बोलण्याने त्यांच्या मनाने घेतले, आणि १८ ऑक्टोबर १९०६ रोजी परळला अस्पृश्य मुलांची शाळा निघाली. तीच निराश्रित साहाय्यकारी मंडळीची सुरुवात. समाजाचे नारायण गणेश चंदावरकर तिचे अध्यक्ष होते. पैसा, ओळखी, सहानुभूती समाजाकडून मिळाली. पण ही मंडळी समाजाच्या नावाने नव्हे, वेगळी संस्था म्हणून उभी राहिली. १९१० साली शिंदे समाजाच्या नोकरीतून बाहेर पडले. नोकरीतली ती सात वर्षे समाजाच्या इतिहासातली सर्वांत जिवंत वर्षे आहेत असे मी मानतो, आणि शिंदे गेल्यावर ती धग उरली नाही हेही.

शिंद्यांना तरी झाडाझडतीतून का वगळायचे? अस्पृश्यांसाठी झटणाऱ्या त्यांच्या मंडळीची सूत्रे बरीच वर्षे स्पृश्यांच्याच हाती राहिली. १९१९ साली मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे त्यांनी साक्ष दिली आणि तरुण डॉ. आंबेडकरांनीही दिली. अस्पृश्यांचे प्रतिनिधी कोणी आणि कसे निवडायचे, यावर दोघांचे जमले नाही. आपल्यासाठी दुसऱ्याने बोलावे की आपण स्वतः बोलावे, असा तो प्रश्न होता, आणि इतिहासाने त्याचे उत्तर आंबेडकरांच्या बाजूने दिले. शिंद्यांनी आपल्या आठवणी लिहिताना स्वतःला फारसे सोडलेले नाही. त्यांच्याबद्दल लिहिणारे मात्र हळवे होतात.

आणि आपण? स्मरणिकेत हा प्रश्न विचारणे शिष्टसंमत नाही, पण पूर्वजांची झाडाझडती घेऊन स्वतः कोरडे राहणे अधिक अशिष्ट. रविवारी उपासनेला बसून निराकार ईश्वराची स्तुती ऐकायची आणि घरी गेल्यावर मुलीचे नाव विवाहमंडळात नोंदवताना जातीचा रकाना न चुकता भरायचा, असे करणारे आपल्यात नाहीत का? ‘मला काही नाही हो, पण आईला वाईट वाटेल’ हे वाक्य आपल्यापैकी किती जणांनी कितीदा उच्चारले आहे? गोविंदरावांचे नाव बदलून आई झाले, काकू झाली, सोसायटीतले लोक झाले; वाक्य तेच राहिले. फरक असला तर एवढाच, की आज न्हावी बंद होत नाही, धोबी अडत नाही, खांदा द्यायला माणसे मिळतात. रानड्यांच्या मानगुटीवर खरेखुरे ग्रामण्य होते. आपल्या मानगुटीवर बहुतेक वेळा व्हॉट्सअॅपवरचा नातेवाइकांचा गट असतो, आणि तरीही आपण तितकेच वाकतो. या हिशेबात आपण त्यांच्यापेक्षा कमी ठरतो, हे मला लिहून ठेवावेसे वाटते.

द्वा. गो. वैद्यांनी १९२७ साली ‘प्रार्थनासमाजाचा इतिहास’ लिहिला. साठ वर्षांच्या कामाची ती नोंद आजही प्रत्येक अभ्यासकाला उघडावी लागते. त्यानंतरच्या काळाची तेवढ्या तोलाची नोंद व्हायची आहे, आणि ती नुसत्या अहवालांवरून होणार नाही. अहवालात देणग्या असतात, अध्यक्ष असतात. सभेत कोण का गप्प बसले, कोणत्या ठरावाच्या वेळी कोण उठून गेले, कोणाच्या मुलाच्या आंतरजातीय लग्नाला समाजातले कोण आले नाही, हे नसते. ते घराघरांतल्या पत्रांत आणि रोजनिश्यांत असते, आणि माळा आवरताना तेच आधी रद्दीत जाते.

म्हणून वाचकांना एक विनंती. ज्यांचे आजोबा-पणजोबा, आज्या-पणज्या समाजात होत्या, त्यांनी घरातले जुने कागद फेकण्याआधी समाजाच्या कार्यालयात कळवावे. त्यात घराण्याला न शोभणारे काही आढळले तर ती पाने काढून ठेवून बाकीचे देऊ नयेत. सगळे द्यावे, नावांसकट.